डेटासाठी सगळ्या संस्थांनी मिळून एकच अपर ऑन्टोलॉजी घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: रावेर, यावल, चोपडा भागातल्या काही शेतकरी कंपन्या, एक कोल्ड स्टोरेजवाले आणि एक एक्स्पोर्टवाले, या सगळ्यांचा केळीचा डेटा एका जागी आणायचाय, आणि कन्सल्टंट म्हणतोय की आधी सगळ्यांनी बीएफओ नावाची अपर ऑन्टोलॉजी (ती काय असते ते खाली सांगतो) स्वीकारा, बाकीचं मग बघू. मी जळगावात हेच काम करतो, शेतकरी कंपन्या आणि जिनिंगवाल्यांचे डेटा एकमेकांशी जुळवायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो. जो माणूस डेटाचं मॉडेल बनवणार आहे त्याने अपर ऑन्टोलॉजी नक्की वापरावी, संस्थांवर मात्र ती लादू नये, आणि जोपर्यंत गाव, शेतकरी आणि माल यांचे कोड सगळ्यांचे एक होत नाहीत तोपर्यंत तिच्यावर पैसा घालूच नका.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: अपर ऑन्टोलॉजीत केळी, कापूस, ट्रक असलं काही नसतं. त्यात सगळ्यात वरचे कप्पे असतात, म्हणजे वस्तू, घटना, गुण, भूमिका, जागा, काळ. बीएफओ म्हणजे बेसिक फॉर्मल ऑन्टोलॉजी, अमेरिकेत बफेलोच्या बॅरी स्मिथ यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, आणि २०२१ पासून आयएसओ/आयईसी २१८३८ या मानकाचा दुसरा भाग. कप्पे चाळीसच्याही आत, एका कागदावर मावतात. म्हणून लोकांना वाटतं एवढ्याशा गोष्टीने काय होणार.

काय होतं ते केळीवरच सांगतो. तीन कंपन्यांच्या तीन एक्सेल शीट घ्या, तिन्हीत "केळी" नावाचा कॉलम आहे आणि तिन्हीत खाली आकडे आहेत. पहिल्या शीटमधली एक ओळ म्हणजे एक बाग, गट नंबर, लागवडीची तारीख, मृगबाग की कांदेबाग, म्हणजे लागवडीचा हंगाम कोणता. दुसऱ्या शीटमधली एक ओळ म्हणजे एक कटाई, त्या दिवशी किती घड उतरले, कोणत्या गाडीत भरले. तिसऱ्या शीटमधली ओळ म्हणजे हिशोबपट्टी, व्यापाऱ्याने शेतकऱ्याला दिलेला कागद, ज्याच्यावर वजन, भाव आणि रक्कम आहे. आता एक वस्तू आहे, एक घटना आहे आणि एक त्या घटनेबद्दलचा कागद आहे. एकाच बागेतून चार वेळा कटाई होते, एका कटाईच्या दोन पट्ट्या निघू शकतात, कधी पट्टी दुरुस्त होऊन परत येते. तिन्ही शीट गट नंबरवर जोडल्या की जोडणी होते, एरर येत नाही, टोटलही येते, आणि ती टोटल साफ चुकीची असते कारण एकच माल दोन-तीनदा मोजला गेलाय. पाहणाऱ्याला कळतही नाही, तो म्हणतो वा, यंदा उत्पादन वाढलं. आणि त्या आकड्यावर कोणीतरी कर्ज काढतं, कोणीतरी एक्स्पोर्टचा वायदा करतं, म्हणून मला या गोष्टीची एवढी चाड आहे.

अपर ऑन्टोलॉजी नेमकं इथे कामाला येते. ती तुम्हाला प्रत्येक टेबलासमोर उभं करून विचारते की बाबा तुझी ही ओळ म्हणजे टिकून राहणारी वस्तू आहे, घडून जाणारी घटना आहे, की कशाची तरी नोंद आहे? उत्तर देता आलं नाही तर ते टेबल अजून तयारच नाही असं समजायचं.

दुसरी अशीच गोष्ट भूमिकेची. आपल्याकडे एकच माणूस स्वतः केळी लावतो, सीझनमध्ये दुसऱ्यांचा माल उचलतो, त्याचीच गाडी भाड्याने चालते आणि वर तो कंपनीचा डायरेक्टर असतो. शेतकरी मास्टर (मूळ यादी) वेगळा, व्यापारी मास्टर वेगळा, वाहतूकदार वेगळा, असं केलं की तो माणूस चार आयडी घेऊन बसतो आणि त्याची येणी-देणी कधीच एका जागी दिसत नाहीत. बीएफओत माणूस हा माणूस राहतो आणि शेतकरी, व्यापारी या त्याने घेतलेल्या भूमिका होतात, आज आहेत, उद्या नसतील. नवती (नवी लागवड) आणि पिलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेली बाग) यांचं उलट आहे, ती बाग कशी उभी राहिली त्यावरून ठरतं, व्यापाऱ्याच्या मर्जीवर बदलत नाही. एक्स्पोर्टचा माल आणि वापसीचा, म्हणजे छाटणीत बाजूला निघालेला, माल हे मात्र छाटणी झाल्यावर ठरतं, ते बागेच्या टेबलात लिहूच नये. हा फरक आमच्या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बागायतदाराला पाठ असतो, सॉफ्टवेअरवाल्याला मात्र शिकवावा लागतो.

आता जे ती करत नाही तेही सांगतो, कारण कन्सल्टंट सांगणार नाही. रावेरकडे सौद्यातलं वजन घडाचं, म्हणजे दांड्यासकट, आणि एक्स्पोर्टवाला फण्या काढून साधारण १३ किलोच्या बॉक्समध्ये मोजतो. या दोन "वजनां"चा मेळ कसा घालायचा याबद्दल बीएफओ एक शब्द बोलत नाही, दोन्ही तिच्या लेखी वजनच. गावाचं स्पेलिंग चार प्रकारे आलं तरी तिला घेणं नाही. आणि खरं सांगतो भो, रोजची डोकेदुखी यातलीच असते. पीक विम्याचा डेटा महसूल मंडळावर, सातबारा गटावर, बाजार समितीचा यार्डावर, हे जुळवायला केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे गावकोड लागतात आणि शेतकऱ्यासाठी फार्मर आयडी, तत्त्वज्ञान लागत नाही.

"एकच सामायिक" यातही एक गोम आहे. २१८३८ या मानकाचा पहिला भाग फक्त अटी सांगतो, दुसरा बीएफओ, तिसरा डोल्चे, चौथा टीअपर, या दोन्ही वेगळ्या अपर ऑन्टोलॉजी. म्हणजे मानकवाल्यांनीच मान्य केलंय की एकावर सगळ्यांचं जमणार नाही. आणि हे भांडण नुसतं पुस्तकी नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या रेकॉर्डमध्ये शहादा, तळोदा, अक्कलकुवा सगळं धुळे. मग १९९५ चा धुळे आणि २००५ चा धुळे ही एकच गोष्ट का? बीएफओच्या पद्धतीने जिल्हा तोच, त्याची हद्द बदलली. ब्रिटनमध्ये बोरोसारख्या चारमितीय ऑन्टोलॉजी वापरणारे लोक म्हणतात की जिल्हा काळातही पसरलेला असतो आणि १९९५ चा धुळे हा त्याचा एक तुकडा. दोन्हींनी हिशोब लागतो, पण एकाने असं आणि दुसऱ्याने तसं मॉडेल केलं तर पुढे भाषांतर करत बसावं लागतं. म्हणून निवडायचीच तर एक निवडा आणि मागे वळून बघू नका, कोणती हे त्यामानाने दुय्यम आहे. फुकट साहित्य आणि उदाहरणं बीएफओची भरपूर आहेत, तेवढं एक कारण पुरे.

आधी वरचं की आधी कामाचं, या वादात मला जीन ऑन्टोलॉजीचं, म्हणजे जनुकांच्या कामांसाठी ठरवलेल्या सामायिक शब्दांचं, उदाहरण सगळ्यात पटतं. १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांचे डेटाबेस सांभाळणारे लोक एकत्र आले, त्यांनी आधी आपल्या रोजच्या कामाचे शब्द एक केले आणि प्रत्येकाला एक अर्थ नसलेला नंबर दिला, म्हणजे उद्या नाव बदललं तरी नंबर तोच. बीएफओशी पद्धतशीर जोडणी नंतर ओबीओ फाउंड्रीच्या (जीवशास्त्रातल्या ऑन्टोलॉजी एकमेकींशी जुळवणारा समूह) काळात झाली. स्कीमा डॉट ऑर्ग, म्हणजे वेबपानावरची माहिती सर्च इंजिनला कळावी म्हणून ठरवलेले शब्द, तर २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूने काढलं, त्याचा वरचा थर अगदी पातळ, तरी जगभर चाललं कारण सर्चमध्ये उठून दिसायचा फायदा होता. उलट २०२४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आणि गुप्तचर संस्थांनी बीएफओ आणि तिच्यावर उभारलेल्या कॉमन कोअर ऑन्टोलॉजी पायाभूत म्हणून ठरवल्या, पण तिथे वरून हुकूम सुटतो आणि ऐकावा लागतो. तुमच्या कंपन्यांचे चेअरमन कोणाचा हुकूम ऐकतात ते तुम्हालाच माहीत. त्यांना स्वतःचा फायदा दिसला, म्हणजे पेमेंट लवकर मिळालं, विम्याचा क्लेम अडकला नाही, तरच ते कॉलम बदलतील.

तर तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. या सीझनला फक्त गावकोड, फार्मर आयडी, गट नंबर लिहायची एक पद्धत, आणि वजनाचे दोन वेगळे कॉलम, दांड्यासकट आणि फण्यांचं. सोबत बाग, कटाई, पट्टी ही तीन टेबलं वेगळी. पिकांच्या नावांसाठी एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा, शब्दसंग्रह अ‍ॅग्रोव्हॉक आहे, तो फुकट आहे, नवीन यादी बनवू नका. नवती, पिलबाग, वापसी असे शब्द त्यात शोधत बसू नका, ते तुम्हीच एकत्र बसून व्याख्येसकट लिहा, आणि त्या बैठकीला गाडी भरणारा मुकादम हवाच. बीएफओ मॉडेलवाल्याच्या लॅपटॉपवर राहू द्या, डेटा भरणाऱ्या पोरापोरींना "कंटिन्युअंट" (टिकणारी वस्तू) आणि "ऑकरंट" (घडणारी घटना) हे बीएफओचे शब्द ऐकवूसुद्धा नका, ते फॉर्म भरणं सोडून देतील.

आणि कन्सल्टंटला पैसे द्यायच्या आधी तुमच्याच मागच्या सीझनच्या थोड्या ओळी द्या, प्रत्येक संस्थेच्या. त्याला म्हणावं, यातला कोणता माल दोनदा मोजला गेलाय ते तुझ्या पद्धतीने शोधून दाखव. शोधलं तर त्याला ठेवा.