सुधारणेची सुरुवात मतदारयादीपासून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जितकी मतं तितक्या जागा मिळाव्यात, हे तुझं म्हणणं मला पटतं. लोकसभेच्या काही जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात भराव्यात, अशी शिफारस कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने १९९९ साली १७०व्या अहवालात केलीच होती. पण तो निर्णय संसदेचा. मतदारयादीत मात्र तुला आजच हात घालता येतो, आणि यादीच चुकली तर पद्धत कितीही चांगली आणा, लोकांचा कौल खरा उतरणार नाही.

आपल्या गावचं एकच मतदान केंद्र घे. यादी संगणकावर उतरवून घे. त्यात शोध चालत नसेल तर नाव, वय, घर क्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक स्वतः टंकून काढ. आपल्याकडे अख्ख्या वाडीचं आडनाव एकच असतं, नावंही आजोबांचीच नातवाला. त्यामुळे दुबार नाव नुसत्या नावावरून ठरवू नकोस. वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि ओळखपत्र ताडून बघ. मग ग्रामपंचायतीत मृत्यूनोंदी आणि घरपट्टीचं रजिस्टर पाहा. घरोघर फिरायचं ते गणपतीत, कारण तेव्हा मुंबईकर ओटीवर बसलेला सापडतो.

खरी अडचण कुलूपबंद घरांची. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० नीट वाच. गावात घर मालकीचं आहे एवढ्यावर कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. पण तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास संपतही नाही. देवगडचा किंवा हर्णैचा खलाशी पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की बोटीवर जातो. त्याच्या दाराला कुलूप दिसलं आणि 'स्थलांतरित' असा शेरा पडला, तर त्याचं मत नाहक जातं. वीस वर्षं विरारला संसार थाटलेल्याची गोष्ट वेगळी. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची मनाई आहे, हे त्याला समजावून सांग आणि नमुना ८ भरून नाव तिकडे हलवायला लाव. परस्पर त्याच्याविरुद्ध नमुना ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, भरू नकोस. गावकीच्या भांडणात हाच अर्ज हत्यार होतो, म्हणून यात फार जपून राहा. सासरी गेलेल्या मुलींनाही नमुना ८च लागतो. माहेरचं नाव कापलं जातं आणि सासरचं चढतच नाही, असं होऊ देऊ नकोस.

रहिवास संपला म्हणून नाव वगळण्याआधी मतदाराला म्हणणं मांडायची संधी देणं त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बंधनकारक आहे. नोटीस घराला चिकटवली, माणूस समुद्रात, असं झालं तर पहिलं अपील १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचं. आदेशाची प्रत लगेच मागून घे. प्रत हातात नसली तर अपील अडतं.

आता देशपातळीवरची मागणी. बिहारच्या मतदारयादीच्या फेरतपासणीत वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची कारणांसह, शोधता येईल अशी यादी प्रसिद्ध करा, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. तो त्या प्रकरणापुरता होता. हाच कायमचा नियम व्हायला हवा: प्रत्येक केंद्राची वगळलेली नावं, कारण आणि नोटिशीची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलीच पाहिजे. मतदार नोंदणीचे १९६०चे नियम निवडणूक आयोगाशी सल्लामसलत करून केंद्र सरकार करतं, म्हणून निवेदन केंद्रीय कायदा मंत्रालयाला लिही, प्रत आयोगाला आणि आपल्या खासदारांना. सोबत तुझ्या केंद्राचा तक्ता जोड: किती नावं वगळली, त्यांतल्या किती जणांना नोटीस मिळाली, आणि किती जण आजही त्याच घरात राहतात.