मसुदा हाती घेऊन बोलणाऱ्या सिनेटर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक शुभाशीर्वाद.

पदवीधर मतदारसंघातून निवडून आलेल्या एका विधान परिषद सदस्यांकडे साहाय्यक म्हणून तू रुजू झालीस, हे वाचून फार आनंद झाला. ज्या सभागृहाला सरकार पाडता येत नाही आणि धन विधेयक अडवता येत नाही, तिथे एखाद्या सदस्याच्या भाषणाचा नेमका उपयोग काय, असे तू पत्रात विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर मी आयर्लंडच्या एका सिनेटरच्या कामातून देणार आहे, कारण इतकी वर्षे कायदा शिकवताना याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही.

मेरी रॉबिन्सन १९९० मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, म्हणून जग त्यांना ओळखते; परंतु त्याआधीची वीस वर्षे, १९६९ ते १९८९, त्या तेथील वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे शॅनडच्या, सदस्य होत्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पदवीधरांनी त्यांना निवडून दिले तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते आणि त्या कायद्याच्या प्राध्यापक होत्या. शॅनडमध्ये ६० सदस्य असतात; त्यांतील ६ विद्यापीठांच्या पदवीधरांनी निवडलेले आणि ११ पंतप्रधानांनी नेमलेले. आपल्या महाराष्ट्र विधान परिषदेतील ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि १२ राज्यपालनियुक्त आहेत, हे लक्षात घेतलेस तर ते सभागृह तुला फार परके वाटणार नाही. (आपल्या संविधानकर्त्यांनी राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आणि राज्यसभेतील नामनियुक्त सदस्यांची कल्पना १९३७ च्या आयरिश संविधानातूनच घेतली.) शॅनड साधे विधेयक फार तर ९० दिवस रोखू शकते, आपली परिषद पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना. म्हणजे तुझ्या सदस्यांचे हात जितके बांधलेले आहेत, तितकेच रॉबिन्सन यांचेही होते.

१९३५ च्या फौजदारी कायद्याच्या १७ व्या कलमाने आयर्लंडमध्ये गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात या दोन्हींवर बंदी होती. १९७१ मध्ये रॉबिन्सन यांनी जॉन हॉर्गन आणि ट्रेव्हर वेस्ट या दोन सहकारी सिनेटरांसह ही बंदी सैल करणारे अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांचे विधेयक, आणले. डब्लिनच्या आर्चबिशपांनी असा कायदा देशाला शाप ठरेल अशा आशयाचे पत्र चर्चमधून वाचायला लावले, आणि सभागृहाने विधेयकाला पहिले वाचनच, म्हणजे ते मांडण्याची परवानगीच, नाकारली. पहिले वाचन नाही म्हणजे छपाई नाही, आणि छपाई नाही म्हणजे कशावर वाद चालला आहे तो मजकूरच नागरिकांपर्यंत पोहोचत नाही. या ठिकाणी तू थोडे थांबून विचार करावास असे मला वाटते. त्या तिघांनी या विषयावर नुसते कळकळीचे भाषण केले असते, तर सभागृहाने ते ऐकून घेतले असते आणि पुढच्या विषयाकडे वळले असते. त्यांनी कलमांचा मसुदा आणला, म्हणून सभागृहाला उघडपणे नाही म्हणावे लागले, आणि तो नकार कामकाजात नोंदला गेला.

१९७३ मध्ये रॉबिन्सन यांनी दुसरे विधेयक आणले. या वेळी त्यावर रीतसर चर्चा झाली आणि १९७४ मध्ये ते फेटाळले गेले. दरम्यान, डिसेंबर १९७३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मॅगी खटल्याचा निकाल दिला होता. पुन्हा गर्भ राहिल्यास जिवाला धोका आहे असे डॉक्टरांनी बजावलेल्या, चार मुलांच्या आईने इंग्लंडहून मागवलेले गर्भनिरोधक सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी जप्त केले होते. वैवाहिक जीवनातील खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो म्हणून न्यायालयाने आयातीवरची बंदी रद्द केली. हा विजय रॉबिन्सन यांच्या खात्यावर मांडणे योग्य होणार नाही. मात्र निकालानंतर काय स्थिती झाली ते पाहा: स्वतःच्या वापरासाठी परदेशातून मागवणे कायदेशीर ठरले आणि देशातल्या दुकानात विकणे गुन्हाच राहिले. न्यायालय कलम रद्द करू शकते, पण वस्तू कोणी, कोणाला, कोणत्या अटींवर विकावी ही व्यवस्था ते लिहू शकत नाही. ती विधिमंडळालाच लिहावी लागते. सरकारने १९७४ च्या जुलैमध्ये स्वतःचे विधेयक आणले, तेव्हा पंतप्रधान लिअम कॉसग्रेव्ह यांनी आपल्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत दिले आणि तेही पडले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गर्भनिरोधके देणारा कायदा १९७९ मध्ये झाला, आणि अठरा वर्षांवरील व्यक्तीला चिठ्ठीशिवाय निरोध विकत घेण्याची मुभा मिळायला १९८५ साल उजाडले.

आपल्याकडेही असा एक दिवस येऊन गेला आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा अशासकीय ठराव मांडला. त्यांचे भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केले होते. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. तरीही त्यातील युक्तिवाद आज महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत आहे. पराभूत ठराव इतक्या काळजीने का लिहायचा, हे तो वाचल्यावर तुला माझ्या सांगण्याशिवाय समजेल.

रॉबिन्सन सभागृहाबाहेर वकील होत्या, आणि तिथले अनुभव त्या आत घेऊन येत. स्त्रियांना ज्यूरीतून, म्हणजे खटल्यात निवाडा देणाऱ्या नागरिकांच्या मंडळातून, जवळजवळ वगळणाऱ्या १९२७ च्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात त्या वकील होत्या. १९७५ मध्ये तो कायदा घटनाविरोधी ठरला आणि १९७६ मध्ये नवा कायदा आला. वकील परवडत नसल्याने पतीपासून न्यायालयीन विभक्तता मागू न शकलेल्या एका महिलेची बाजू त्यांनी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात मांडली आणि १९७९ मध्ये जिंकली. त्यानंतर आयर्लंडने दिवाणी कामांसाठी मोफत विधिसाहाय्य सुरू केले खरे, परंतु प्रशासकीय योजना म्हणून. त्याला कायद्याचा आधार १९९५ मध्ये मिळाला. शासन निर्णयाने मिळालेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने काढून घेता येते, हे मंत्रालयात वावरताना तू पाहशीलच, म्हणून हा फरक तुझ्या टिपणांत कधीही पुसट होऊ देऊ नकोस.

त्यांच्या कामाचा आणखी एक भाग वर्तमानपत्रांना कधी आकर्षक वाटला नाही. १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय समुदायात सामील झाल्यावर तिथून येणारे नियम तपासण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली, आणि रॉबिन्सन यांनी तिच्यात दीर्घकाळ काम केले. कायदा सभागृहात होतो, पण नागरिकाच्या दारात तो नियम बनून येतो. तुझ्या सदस्यांना नियम तपासणाऱ्या समितीवर जाण्याची संधी मिळाली, तर त्यांनी ती आनंदाने स्वीकारावी असा आग्रह धर.

आता तुझ्या कामाविषयी. टिपण तयार करताना आरंभी भावनेचा परिच्छेद लिहू नकोस. आजच्या कलमाचा मजकूर जसाच्या तसा उतरव, त्याने नेमके कोण अडते ते लिही, आणि मग आपल्याला हवा असलेला मजकूर कलमाच्याच भाषेत मांड. मंत्री कोणता आक्षेप घेतील याचा अंदाज बांधून त्याचे उत्तर मसुद्यातच बसवता येते का ते पाहा. बसवता आले नाही, तर आक्षेपात तथ्य असण्याची शक्यता मोकळ्या मनाने तपास. वर्षभरात वीस विषयांवर बोलण्याऐवजी दोन विषय धरून तेच पुन्हा पुन्हा आणावेत, असे तुझ्या सदस्यांना सुचव. पक्षाचा आदेश आणि स्वतःचे मत यांत अंतर पडेल तेव्हा काय करावे, याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. रॉबिन्सन यांनी १९८५ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातील अँग्लो-आयरिश कराराच्या वेळी, उत्तर आयर्लंडमधील युनियनवाद्यांना, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणाऱ्यांना, विचारात घेतले नाही म्हणून आपला लेबर पक्ष सोडला आणि अपक्ष सिनेटर म्हणून काम चालू ठेवले.

शॅनडच्या जुन्या चर्चा आयरिश संसदेच्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. १९७४ ची चर्चा आधी वाच, मग रोहम यांचे भाषण वाच, आणि अधिवेशनापूर्वी तुझ्या सदस्यांना ज्या कायद्यात दुरुस्ती हवी आहे त्यातील एकाच कलमाचा मसुदा मला पाठव. मी तो तपासून आठवड्याच्या आत परत पाठवीन.

तुझी,
बाई