मेट्रोजवळचं घर घेताना आधी पायाखालचा रस्ता बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बजेट ८५ लाख. तुमचं ऑफिस डेक्कनला, मिस्टरांचं कल्याणीनगरला, मुलगी चौथीत, सासूबाई तुमच्याकडेच राहतात. समोर दोन घरं आहेत. एक कोथरूडला वनाज स्थानकाजवळ, जुन्या सोसायटीतला लहान टू बीएचके. दुसरा वाघोलीत, मोठ्या प्रकल्पातला ऐसपैस फ्लॅट, ज्याच्या जाहिरातीत ‘नियोजित मेट्रो ८०० मीटरवर’ असं छापलंय. मेट्रोमुळे भाव दोन्हीकडे वाढणारच, मग त्याच पैशात मोठा का घेऊ नये, असं तुमचं म्हणणं.

मी कोथरूडचा घेईन. मेट्रो हे त्यामागचं अर्धंच कारण.

आधी वाघोलीच्या मेट्रोबद्दल. रामवाडी ते वाघोली आणि वनाज ते चांदणी चौक या वाढीव मार्गांना केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे जाहिरात खोटी नाही. पण मंजुरीपासून गाडीत बसेपर्यंत किती काळ जातो ते आपण पाहिलंय. पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१६ ची. पहिले दोन तुकडे सुरू झाले मार्च २०२२ मध्ये, रुबी हॉलपर्यंत गाडी गेली ऑगस्ट २०२३ मध्ये, रामवाडीला मार्च २०२४ आणि स्वारगेटला सप्टेंबर २०२४. वाघोलीला इतका वेळ लागू नये, पण मुलगी माध्यमिक शाळेत जाईपर्यंत रोज नगर रस्त्यावरूनच ये-जा करायची आहे असं धरून चाला.

मात्र त्या मेट्रोची किंमत तुमच्याकडून आजच घेतली जाते. घराचा भाव आशेवरही वाढतो, भाडं वापरावर वाढतं. मार्ग जाहीर झाला की भाव हलतो, खांब उभे राहिले की पुन्हा हलतो. भाडेकरूला मात्र उद्याच्या गाडीशी देणंघेणं नसतं, त्याला आज ऑफिसला किती वेळात पोचतो ते हवं असतं. म्हणून एक करा. वाघोलीतच, नियोजित स्थानकापासून लांब असलेल्या, तशाच बांधणीच्या आणि वयाच्या प्रकल्पातला फ्लॅट काढा. दोघांच्या किमती विचारा आणि दोघांची भाडीही विचारा. किमतीत आठ-दहा लाखांचा फरक असेल आणि भाडं सारखंच असेल, तर तो फरक म्हणजे न आलेल्या गाडीचं आगाऊ तिकीट. वनाजला हा हिशेब वेगळा लागतो, कारण तिथल्या भाड्यात धावती मेट्रो आधीच धरलेली आहे.

आता ते ८०० मीटर. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर आणि पायांनी कापायचं अंतर यांत खूप फरक पडतो. मोठ्या प्रकल्पांच्या सलग कंपाउंड भिंती, मधला नाला, एकच मुख्य गेट आणि वाटेत नगर रस्त्यासारखा भरधाव रस्ता ओलांडायचा असेल, तर ८०० मीटरचे सव्वा-दीड किलोमीटर सहज होतात. स्थानकाभोवतीच्या विकासासाठीच्या केंद्राच्या २०१७ च्या धोरणातही स्थानकाचा प्रभाव ५०० ते ८०० मीटरच्या परिघातच धरलाय. त्यापलीकडे माणूस रिक्षा शोधतो किंवा सरळ दुचाकी काढतो, आणि एकदा दुचाकी काढली की ऑफिसपर्यंत तिच्यावरच जातो.

स्थानकाभोवतीच्या विकासाबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते तिचा मला खरोखर त्रास होतो, कारण ती एफएसआयपाशी, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं त्या आकड्यापाशी, सुरू होते आणि तिथेच संपते. पुण्यात स्थानकापासून ५०० मीटरच्या आत, रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून, चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो. स्थानकाजवळ जास्त माणसांना राहता यावं हा हेतू चांगलाच आहे. पण एफएसआयने मजले मिळतात, फुटपाथ मिळत नाही. जुनी चार मजली इमारत पाडून तिथे उंच टॉवर आला, खालचे तीन मजले गाड्यांना गेले आणि किराणावाला, शिंपी, दवाखाना यांची रस्त्याकडची रांग जाऊन तिथे कोरी भिंत आली, तर माणसं वाढली आणि चालण्याचं कारण मात्र गेलं. आपल्या पेठांमध्ये खाली दुकान, वर बिऱ्हाड ही रचना कुठल्याही धोरणाआधीची आहे. मंडईचं भुयारी स्थानक अशा वस्तीत उघडलं की बाहेर पडणाऱ्या माणसाला पुढे काय करायचं हे सांगावं लागत नाही.

नियोजन करून हे कसं साधतं ते बघायचं असेल तर नवी मुंबईत जा. ते शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली. जमीन संपादित करून सार्वजनिक मालकीत आणली, शहर नोडांमध्ये, म्हणजे स्वतंत्र उपनगरांमध्ये, आखलं, सेक्टरमध्ये शाळा, बाजार, मैदान पायी अंतरावर ठेवलं. मानखुर्द–वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली. तिथल्या रेल्वेमार्गांच्या खर्चाचा साधारण दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, तोही मुख्यतः जमिनीच्या विक्रीतून. म्हणजे रेल्वेमुळे जमिनीचा भाव वाढला आणि त्या वाढीतूनच रेल्वेचे पैसे निघाले. पुण्यात जमीन खासगी हातात आहे, त्यामुळे वाढलेल्या भावाचा मोठा भाग ज्याची जमीन त्याच्या खिशात जातो. सरकारकडे त्यातलं काही येतं ते वाढीव एफएसआयसाठी घेतलेल्या अधिमूल्यातून (प्रीमियममधून) आणि मुद्रांक शुल्कासोबत घेतल्या जाणाऱ्या, घराच्या किमतीच्या १ टक्का मेट्रो अधिभारातून. हा अधिभार तुम्ही ८५ लाखांच्या घरावर ८५ हजार रुपये भरणार आहात. घर महापालिकेच्या हद्दीत असलं की तो लागतोच, मग ते वनाजला असो की वाघोलीला. निदान जिथे मेट्रो रोज वापरता येईल तिथे तरी तो भरा.

नवी मुंबईची दुसरी बाजूही सांगतो. सायन–पनवेल महामार्गाने नोड चिरले आहेत आणि काही ठिकाणी पलीकडच्या सेक्टरला पायी जाणं जिवावरचं आहे. शिवाय वाशी, नेरूळचे स्थानकाजवळचे सेक्टर इतके महाग झाले की तरुण जोडपी खारघर, पनवेल, तळोज्याकडे सरकली. यावरून काही लोक म्हणतात की चालण्याजोगी वस्ती ही श्रीमंतांचीच. मला ते पटत नाही. अशा वस्त्या मोजक्या आहेत आणि त्यांच्यात लहान घरं पुरेशी बांधली जात नाहीत, म्हणून त्या महागतात. स्थानकाजवळ दोन गाड्यांच्या पार्किंगसह थ्री बीएचके बांधत राहिलो, तर ज्यांना मेट्रोची सगळ्यात जास्त गरज आहे तेच तिच्यापासून सगळ्यात लांब राहतील.

तुमच्या घरापुरतं बोलायचं तर वनाज–रामवाडी ही एकच मार्गिका तुम्हाला डेक्कनला आणि मिस्टरांना कल्याणीनगरला न बदलता पोचवते. दुसरी दुचाकी घ्यावी लागणार नाही, कदाचित चारचाकीही. पण मी सगळ्यात जास्त वजन सासूबाईंच्या आणि मुलीच्या दिवसाला देईन. तुम्ही दोघं दहा तास बाहेर असता, त्या दोघी वस्तीत असतात. भाजी, औषधं, देऊळ, बाग, वाचनालय, क्लास हे कुणाला न विचारता, रिक्षा न बोलावता जमलं तर सत्तरीतली बाई स्वतंत्र राहते आणि बारा वर्षांची मुलगी एकटी क्लासला जाते. क्लब हाउस आणि जलतरण तलाव यांनी ती उणीव भरत नाही.

कोथरूडच्या घरात अडचणी आहेतच. पौड रस्त्याकडे तोंड करून असलेला फ्लॅट घेऊ नका, गाड्यांचा आवाज दिवसभर येतो, मागच्या बाजूचा बघा. लिफ्ट नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका. सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झालंय का, ते कागद बघूनच टोकन द्या. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर मागच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा आणि समोरचा रस्ता किती मीटरचा आहे ते महापालिकेच्या विकास आराखड्यात तपासा. एजंट ‘चार एफएसआय’ म्हणतो तो मोठ्या भूखंडाचा आणि रुंद रस्त्याचा असतो. आतल्या नऊ मीटरच्या गल्लीत तितका मिळत नाही, त्यामुळे त्या आशेवर जास्त पैसे मोजू नका.

आणि दोन्ही घरांपासून स्थानकाच्या जागेपर्यंत सासूबाईंना घेऊन एकदा चालून या. सकाळी नऊला आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर. वाघोलीत स्थानकाची नेमकी जागा बिल्डरच्या माहितीपत्रकावरून धरू नका, पुणे मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रोच्या नकाशावरून घ्या.