इंजेक्शन घेऊनही उपदंशाची (सिफिलिसची) तपासणी पॉझिटिव्ह का?

प्रश्न : माझे वय 34 आहे. लिंगावर न दुखणारी जखम झाली, तेव्हा व्हीडीआरएल ही उपदंशाची रक्ततपासणी 1:32 आली आणि डॉक्टरांनी दोन्ही कुल्ल्यांवर पेनिसिलिनची इंजेक्शने दिली. त्या रात्री थंडी वाजून ताप आला होता. सहा महिन्यांनंतर व्हीडीआरएल 1:4 आहे, पण टीपीएचए ही उपदंशाची दुसरी रक्ततपासणी पॉझिटिव्हच आहे. औषधाच्या दुकानात अ‍ॅझिथ्रोमायसिन घ्या म्हणाले. पत्नीला काहीच त्रास नाही. काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : औषध तुम्हाला उत्तम लागू पडले आहे. व्हीडीआरएलचा आकडा चौपट उतरला की उपचार यशस्वी मानतात, तुमचा तर 32 वरून 4 वर, म्हणजे आठपट उतरला आहे. टीपीएचए मात्र रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे ती पुन्हा करून घेण्यात पैसे घालवू नका. उपदंशाचा जंतू फार सावकाश, साधारण तीस तासांनी एकदा दुणावतो, म्हणून रक्तात पेनिसिलिन अनेक दिवस टिकावे लागते, आणि बेंझाथिन पेनिसिलिनचा 24 लाख युनिटचा डोस स्नायूत साठून हळूहळू झिरपत नेमके तेच साधतो. त्या रात्रीचा ताप बहुधा जंतू एकदम मरू लागल्यामुळे आला असावा; असा ताप दिवसभरात उतरतो आणि त्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी समजू नये. अ‍ॅझिथ्रोमायसिनला न जुमानणारे उपदंशाचे जंतू जगात अनेक ठिकाणी आढळले आहेत. पेनिसिलिन मात्र 1943 पासून आजवर या रोगावर निकामी ठरलेले नाही. तेव्हा दुकानातला सल्ला दुकानातच राहू द्या.

खरी काळजी तुमच्या पत्रातल्या ‘पत्नीला काहीच त्रास नाही’ या वाक्याची वाटते. स्त्रीच्या योनीत किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी झालेली जखम दुखत नाही, दिसतही नाही, आणि ती आपोआप भरून आली तरी रोग शरीरात राहतो. पुढे दिवस राहिल्यास तो वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतो. त्यांची तपासणी याच आठवड्यात करा. लागण केव्हा झाली हे सांगता येत नसेल, तर एकाऐवजी आठवड्याच्या अंतराने तीन डोस द्यावे लागतात. त्या गरोदर असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण पेनिसिलिनऐवजी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन तेव्हा चालत नाही. जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) हे सारे मोफत होते. दोघांनी तिथेच एचआयव्हीचीही तपासणी करून घ्यावी. त्यांचा अहवाल येऊन गरज पडल्यास उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळा. तुमचे पुढचे व्हीडीआरएल उपचाराला वर्ष होईल तेव्हा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. आकडा 1:16 किंवा त्याहून वर गेला तर नव्याने लागण झाल्याची शंका घ्यावी लागेल.