पेपरांतल्या जाहिरातींवर सरकार मर्यादा का घालत नाही?

घालू शकत नाही, कारण तसा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच रद्द केला. किती किमतीला किती पानं आणि जाहिरातींना किती जागा, हे ठरवणारा कायदा १९५६ मध्ये झाला होता. त्याविरुद्ध पुण्याचा 'सकाळ' कोर्टात गेला. तेव्हा अंक सात नव्या पैशांना मिळायचा. पानं तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवावी लागणार होती. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: जाहिराती घटल्या की किंमत वाढते, खप पडतो आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यालाच धक्का बसतो. मला हा निकाल अगदी योग्य वाटतो. मात्र बातमीच्या वेषात छापलेल्या पैशाच्या मजकुराला त्याचं संरक्षण आहे, असं समजू नका. ती वाचकाची शुद्ध फसवणूक आहे.