महापौर निवडणूक, पण पक्षाविना : शिकागोबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शिकागोत महापौरपदाच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं म्हणे. मग उमेदवार कोणत्या बाजूचा, हे ओळखायचं कसं?

उत्तर : बरोबर आहे. इलिनॉय राज्याने १९९५ साली कायदा बदलला आणि १९९९ पासून शिकागोचा महापौर पक्षाविना निवडला जातो. पक्ष कागदावरून गेला, मैदानातून नाही. २०२३ च्या अंतिम लढतीतले ब्रँडन जॉन्सन आणि पॉल व्हॅलस दोघेही स्वतःला डेमोक्रॅट म्हणवत होते. फरक कळत होता तो पाठिंब्यावरून : जॉन्सन यांच्यामागे शिक्षकांची संघटना, व्हॅलस यांच्यामागे पोलिसांची. म्हणून पाठिंबा कुणाचा ते पाहा आणि राज्य निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर उमेदवाराला देणग्या कुणी दिल्या तेही तपासा. तिथे नावं आणि रकमा खुल्या असतात. भाषणांपेक्षा ही यादी जास्त सांगून जाते.

प्रश्न : उमेदवारीसाठी १२,५०० सह्या लागतात. एवढ्या मोठ्या शहरात त्यात अवघड काय?

उत्तर : सह्या मिळतात, टिकत नाहीत. खरी गळती इथेच होते. सही करणारा शहराच्या हद्दीतला नोंदणीकृत मतदार हवा आणि कागदावरचा पत्ता नोंदीतल्या पत्त्याशी जुळायला हवा. ओक पार्क किंवा एव्हन्स्टनहून कामाला आलेला माणूस हौसेने सही करतो, पण ती बाद होते, कारण ती गावं वेगळी आहेत. घर बदलून नोंदणी न बदललेल्यांची सही जाते. एकाने कुटुंबातल्या चौघांसाठी केलेल्या सह्या तर हमखास जातात. महापौरपदासाठी एका मतदाराने एकाच उमेदवाराच्या अर्जावर सही करायची असते. सह्या गोळा करणाऱ्याने प्रत्येक पानावर नोटरीसमोर स्वतःची सही करायची असते. ती राहिली तर अख्खं पान धोक्यात येतं. पानांना क्रमांक घालून ती एकत्र बांधायची. मुदत ९० दिवसांची.

अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर हरकती घेता येतात आणि प्रतिस्पर्धी त्या घेतातच. मग एकेक सही नोंदीशी ताडून पाहतात. म्हणून अनुभवी कार्यकर्ते गरजेच्या दुप्पट-तिप्पट सह्या आणतात. नवख्या उमेदवाराने नेमक्या तेरा हजार आणल्या, तर तो तिथेच संपला म्हणून समजा. ही अट मला जाचक वाटते : पैसा आणि माणसं हाताशी असलेल्याला ती अडवत नाही, उरलेल्यांना अडवते.

प्रश्न : पहिल्या फेरीत सर्वाधिक मतं मिळूनही महापौर होता येत नाही?

उत्तर : निम्म्याहून अधिक मतं मिळाली नाहीत तर नाही. पहिली फेरी फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी होते आणि पहिल्या दोघांमधली दुसरी एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी. २०१९ मध्ये १४ उमेदवार होते. लोरी लाइटफूट जेमतेम साडेसतरा टक्क्यांवर पहिल्या आल्या आणि दुसऱ्या फेरीत सुमारे ७४ टक्के घेऊन जिंकल्या. चारच वर्षांनी, महापौर असूनही, त्या पहिल्याच फेरीत तिसऱ्या येऊन बाहेर पडल्या. व्हॅलस तेव्हा सुमारे ३३ टक्क्यांसह पहिले होते, तरी एप्रिलमध्ये जॉन्सन सुमारे ५२ टक्के घेऊन निवडून आले. गर्दी असली की पहिल्या फेरीत दुसरा क्रमांकही पुरतो, आणि तो थोड्या मतांनी ठरतो. फेब्रुवारीच्या थंडीत घरी बसणाऱ्यांना एप्रिलमध्ये उरलेल्या दोघांतूनच निवडावं लागतं.

प्रश्न : नोंदणी राहून गेली तर?

उत्तर : मतदानाच्या दिवशी केंद्रावरही करता येते. दोन ओळखपुरावे न्या, त्यांतल्या एकावर सध्याचा पत्ता हवा. अमेरिकेचं नागरिकत्व मात्र लागतंच, ग्रीन कार्डावर चालत नाही.