गिनी फाऊलची पिल्ले कोंबड्यांसोबत वाढवताना

कोंबडीची पिल्ले वाढवली आहेत म्हणजे गिनी फाऊल या कोंबडीसारख्या ठिपकेदार पक्ष्याची पिल्लेही सहज वाढतील, असं धरून चालू नका. पहिले पंधरा दिवस ही पिल्ले फार नाजूक असतात आणि ओल त्यांना अजिबात सोसत नाही. म्हणून पावसाळ्यात सुरुवात करू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जा. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. भाताच्या तुसावर गोणपाट अंथरा. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लू त्यातच बुडतं.

खाद्यात २४ ते २६ टक्के प्रथिनं लागतात. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ती कमी असतात.

गिनीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवणार असाल तर ती उबायला कोंबडीच्या अंड्यांसारखे २१ नव्हे, २६ ते २८ दिवस लागतात. कोंबडीनं वाढवलेली पिल्लं संध्याकाळी तिच्यामागे खुराड्यात येतात, हा मोठाच फायदा. एरवी ती झाडावर चढतात आणि तिथे रात्री रानमांजर नाहीतर घुबड गाठतं. मोकळं सोडण्याआधी दीड-दोन महिने आतच ठेवा, रोज सांजेला तिथेच बाजरी टाका.

मोठ्या कोंबड्यांत लगेच मिसळू नका, त्यांच्याकडून रोग लागू शकतात. पुढे विणीच्या दिवसांत गिनीचे नर कोंबड्यांना पळवून पळवून बेजार करतात, तेव्हा जागा ऐसपैस हवी, दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा.